अंगणवाडीच्या भिंतीवर मथळा काय लिहू: मुळाक्षरे, वर्णमाला की बाराखडी?

सिन्नरची ताई

नमस्कार मंडळी. मी सिन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवर अंगणवाडी चालवते. पटावर २३ लेकरं आहेत, तीन ते सहा वर्षांची. यंदा गावकऱ्यांनी वर्गणी काढून खोलीला रंग दिला आणि उरलेल्या पैशांत एका पेंटरला बोलावलं. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागची नावं, लग्नघराच्या भिंती हे त्याचं रोजचं काम. हात फार सुंदर आहे त्याचा. डाव्या भिंतीवर अ पासून ज्ञ पर्यंत चौकोन पाडलेत. प्रत्येक चौकोनात एक अक्षर आणि खाली चित्र: अ अननसाचा, छ छत्रीचा, ढ ढगाचा. वर छताखाली हातभर पट्टा मथळ्यासाठी मोकळा ठेवलाय.

त्यानं विचारलं, "ताई, वर काय टाकू?" मी खिचडीच्या पातेल्याजवळ होते. तिथूनच म्हणाले, "बाराखडी टाका." त्यानं खडूनं मोठ्या अक्षरांत आखूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला सोडायला एक आजी आल्या. पन्नाशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकलेल्या. भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, बाराखडी म्हणता, मग क ला काना का कुठंय? क ला वेलांटी कि कुठंय? ही तर नुसती क ख ग घ हाय." मला काही उत्तर देता आलं नाही, कारण त्यांचं बरोबर होतं.

तेव्हापासून विचारत फिरतेय. दहावीतली एक मुलगी म्हणाली, 'वर्णमाला' लिहा, आमच्या व्याकरणात तसंच आहे. माझ्या आईच्या तोंडी 'मुळाक्षरं' आहे. शब्दकोशात पाहिलं तर एकाच्या पुढं दुसरा शब्द दिलेला, म्हणजे मी होते तिथंच. पेंटर शुक्रवारी ऑइलपेंट घेऊन येतोय. खडू पुसता येतो, ऑइलपेंट वर्षानुवर्षं राहतो. माझ्या लेकरांच्या आयुष्यातला हा पहिला लिहिलेला मथळा असणार आहे, तो चुकीचा नको.

आणखी एक. समोरच्या भिंतीवर इंग्रजी अक्षरं काढायची आहेत. पेंटरनं दुसऱ्या एका ठिकाणी त्यावर '२६ अल्फाबेट्स' असं लिहिलं होतं, तो म्हणतो तेच इथंही टाकतो. ते बरोबर आहे का?

कर्वे रोड

ताई, बाराखडीच राहू द्या. 'राजकारणाची बाराखडी', 'शेअर बाजाराची बाराखडी' असं रोज वर्तमानपत्रात छापून येतं. बाराखडी म्हणजे सुरुवातीचं शिक्षण हे सगळ्यांना कळतं. अर्थ पोचला की झालं.

सिन्नरची ताई

दादा, मोठ्यांना कळतं हे खरं. पण ज्या बाई स्वतः बाराखडी घोकून शिकल्या, त्यांना ते पटलं नाही. आणि पुढं पहिलीत गेल्यावर मास्तर जेव्हा म्हणतील 'क ची बाराखडी म्हण', तेव्हा माझं लेकरू क ख ग घ म्हणायला लागलं तर?

जुना जुळारी

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि दुपारची झोप सोडून लिहायला बसलो. मी सांगलीकडचा. ३१ वर्षं छापखान्यात जुळारी होतो, म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे आणि पान उभं करायचं. ऑफसेट आलं तेव्हा खिळे भंगारात गेले आणि मी घरी आलो. अक्षरांशी माझा संबंध हाताचा आहे, पुस्तकाचा कमी. तरी हाताला जे कळलं ते सांगतो.

आधी तुमच्या आजींचं. त्या शंभर टक्के बरोबर आहेत. बाराखडी म्हणजे सगळ्या अक्षरांचा संच नव्हे, एका अक्षराचं कुटुंब. क, का, कि, की, कु, कू, के, कै, को, कौ, कं, कः. मोजा, बारा भरतात. म्हणून ती 'बारा अक्षरी'. तिची झाली बाराखडी. मराठीत क्ष चा ख होणं जुनंच आहे: लक्ष चं लाख, क्षीर ची खीर, तसं अक्षर चं आखर आणि बाराक्षरी ची बाराखडी. ख ची बाराखडी वेगळी, ग ची वेगळी. अशी प्रत्येक व्यंजनाची एक. तुमच्या भिंतीवर एकही बाराखडी नाही, एकेका घराचा फक्त कर्ता माणूस आहे. 'राजकारणाची बाराखडी' हा बोलण्यातला अलंकार आहे, तो वर्तमानपत्रात शोभतो. जिथं खरीच अक्षरं शिकवायची आहेत तिथं तो शब्द त्याच्या खऱ्या अर्थानंच वापरावा.

आता वर्णमाला आणि मुळाक्षरे. हा फरक मला एका मास्तरांनी शिकवला. आमच्याकडं त्यांचं व्याकरणाचं छोटं पुस्तक छापायला आलं होतं. पहिल्याच पानावर वर्णमाला. मी क ख ग घ असे खिळे लावले आणि प्रूफ पाठवलं. ते परत आलं, आणि प्रत्येक व्यंजनाखाली लाल शाईनं एकेक तिरकी रेघ. समासात लिहिलेलं: 'व्यंजनांचे पाय मोडावेत.' क् ख् ग् घ् ङ्, असे चौतीसच्या चौतीस. आमच्या केशीत, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत, पाय मोडायचे खिळे इतके कुठून असणार? एरवी पानात चारदोन लागायचे. मालकांनी दुसऱ्या छापखान्यातून मागून आणले.

मी मास्तरांना विचारलं, 'एवढा हट्ट का?' त्यांनी माझ्याच हातातला क चा खिळा उचलला आणि म्हणाले, 'हा काय आहे?' मी म्हटलं, 'क.' ते म्हणाले, 'हा वर्ण नाही, अक्षर आहे. यात दोन वर्ण आहेत, क् आणि अ. वर्ण म्हणजे तोंडातून निघणारा एकेक मूळ आवाज. तो सुटा काढला तर क् एवढाच, अर्धवट, त्याला उभं राहायला स्वर लागतो. स्वर मिळाला की अक्षर झालं. माझ्या पुस्तकात वर्णमाला आहे, म्हणून पाय मोडायचे. मुलांच्या अंकलिपीत मुळाक्षरं असतात, तिथं क तसाच.'

त्या दिवसापासून मी दोन्ही शब्द कधी एकमेकांच्या जागी लावले नाहीत. वर्णमाला आवाजांची, मुळाक्षरं लिहिण्याची. मूळ अक्षर, म्हणजे ज्याला अजून काना, मात्रा, वेलांटी, उकार काही चिकटलेलं नाही असं. तुमच्या भिंतीवर काय आहे? पाय न मोडलेले, पूर्ण, चित्रासकट काढलेले क ख ग. लेकरू त्यावर बोट फिरवणार, गिरवणार. ती मुळाक्षरं आहेत. मी तर 'मुळाक्षरे' हाच शब्द लिहीन.

इंग्रजीचं म्हणाल तर '२६ अल्फाबेट्स' चूक आहे. अल्फाबेट हा शब्दच मुळात संचाचा आहे, एका अक्षराला तिकडं लेटर म्हणतात. इंग्रजीचं अल्फाबेट एकच, त्यात अक्षरं २६. आपल्याकडं एकेका अक्षराला अल्फाबेट म्हणायची सवय पडली आहे, ती भिंतीवर चढवू नका. 'इंग्रजी मुळाक्षरे' लिहा, साधं आणि खरं. आम्हाला पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा मास्तर 'चार लिप्या' म्हणायचे: छापील मोठी, छापील लहान, हातवळणाची मोठी, हातवळणाची लहान. ते तुमच्या पेंटरला सांगा, म्हणजे एका ओळीत मोठी आणि लहान मिसळणार नाही.

मराठीच्या बाई

जुळारी काकांचा प्रतिसाद फार आवडला, तरी मी थोडं वेगळं मांडते. मी माध्यमिक शाळेत २२ वर्षं मराठी शिकवते आहे.

काकांनी सांगितलेला फरक शास्त्राला धरून आहे. पण शब्द वापरानं ठरतो. आज शाळेतल्या तक्त्यावर, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात, शासनाच्या कागदात 'वर्णमाला' हाच शब्द आहे, आणि तिथंही क ख ग पूर्णच छापलेले असतात. राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ ला लिपीबद्दल जो निर्णय काढला त्यातही वर्णमाला हाच शब्द आहे. मुळाक्षरे हा शब्द मुलांना पहिलीनंतर पुन्हा भेटत नाही, वर्णमाला दहावीपर्यंत आणि पुढं नोकरीच्या परीक्षेपर्यंत सोबत येते. मग पहिल्या दिवसापासून तोच का नको?

ताई, त्या निर्णयातल्या दोन गोष्टी तुमच्या पेंटरलाही सांगाव्या लागतील. जुन्या व्याकरणांत आपण ४८ वर्ण शिकलो: १२ स्वर, २ स्वरादी म्हणजे अनुस्वार आणि विसर्ग, आणि ३४ व्यंजनं. २००९ मध्ये ॲ आणि ऑ हे दोन स्वर अधिकृतपणे आले, कारण बॅट, बॉल, डॉक्टर, ॲप हे शब्द आता घरोघरी आहेत. ते धरून १४ स्वर, आणि क्ष, ज्ञ ही दोन जोडव्यंजनं धरून एकूण ५२. त्यामुळं तुमच्या आजींची बाराखडीसुद्धा आता कॅ आणि कॉ धरून चौदा घरांची झाली, काही जण तिला 'चौदाखडी' म्हणू लागलेत. दुसरी गोष्ट अक्षरांच्या वळणाची. ल पाकळीचा काढायचा, दंडाचा नव्हे. श देठाचा काढायचा, गाठीचा नव्हे. पाट्या रंगवणारे बरेचदा हिंदी वळणाचा ल आणि श काढतात.

आणि एक प्रेमाची सूचना. तीन वर्षांच्या मुलासाठी भिंतीवर ऌ, ङ, ञ काढू नका. ऌ साठी मराठीत 'क्लृप्ती' हा एकच शब्द हाताशी आहे, ङ साठी 'वाङ्मय'. त्यांचं चित्र कसं काढणार?

जुना जुळारी

बाई, तुमचा अनुभव मोठा आहे, आणि वर्णमाला शब्द पुढं लागतो हे मान्य. पण तुम्हीच शेवटी सांगितलंत की ऌ, ङ, ञ काढू नका. माळेतले तीन मणी काढले तर ती वर्णमाला राहील का? वर्णमाला म्हटली की ती पूर्णच हवी, आणि क्रमानंही हवी. मुळाक्षरांना तेवढं बंधन नाही. मास्तर पूर्वीपासून सोपी अक्षरं आधी घेत आले. ग म भ न हा क्रम त्यातूनच आला. चारही अक्षरांना उजवीकडं उभा दंड, वळणं जवळची, एक हातात बसलं की दुसरं लवकर बसतं. म्हणून 'गमभन' हासुद्धा सुरुवातीचं शिक्षण या अर्थाचा शब्द होऊन बसला. ताईंना हवं तर त्या ग पासून भिंत सुरू करतील, आणि मुळाक्षरे हा मथळा तरी खरा राहील.

आणखी एक पुरावा देतो. 'हे जग मोठं आहे' आणि 'तू शंभर वर्षं जग'. दोन्हीकडं 'जग' मी त्याच दोन खिळ्यांनी जुळवणार. पण मोठ्यानं म्हणून बघा, दोन्ही ज वेगळे आहेत. पहिला जीभ टाळ्याला लावून, दुसरा दातांजवळ. चार मधला च आणि चाक मधला च यांचंही तसंच. आवाज दोन, अक्षर एक. जो वर्ण ऐकतो त्याला इथं दोन मणी दिसतील, जो लिहितो त्याला एक. भिंतीवर एकच ज आहे. म्हणजे भिंत अक्षरांची आहे.

आणि अक्षर या शब्दावर माझा जीव आहे हेही कबूल करतो. न झिजणारं ते अक्षर. आपण मराठीत माणसाच्या हस्ताक्षरालाही नुसतं 'अक्षर' म्हणतो, 'पोरीचं अक्षर वळणदार आहे' असं. ओवी-अभंगाचं मोजमापही अक्षरांत, मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा आणि चार. वर्ण शब्द खेड्यात लेकराच्या कानावर पडतो तो रंग म्हणून किंवा जात म्हणून. पहिल्या भिंतीवर तो नसलेला मला बरा वाटतो.

मराठीच्या बाई

काका, हा शेवटचा मुद्दा मी कधी विचारात घेतला नव्हता. आठवीच्या वर्गात 'वर्ण म्हणजे काय' विचारल्यावर दरवर्षी पहिलं उत्तर 'रंग' येतं आणि दुसरं उत्तर द्यायला मुलं बिचकतात. मी ते हसण्यावारी नेत आले. माझा आग्रह मागं घेते असं नाही, पण अंगणवाडीपुरता मुळाक्षरे चालेल. माझ्या वर्गात मात्र मी वर्णमालाच म्हणणार, कारण तिथं मला उच्चारस्थानं शिकवायची असतात: क-वर्ग कंठात, च-वर्ग टाळूत, ट-वर्ग मूर्धेत, त-वर्ग दातांत, प-वर्ग ओठांत. घशापासून ओठांपर्यंत अशी ओळीनं रचलेली ही माळ फार सुंदर आहे, आणि ती कानानंच कळते.

सोलापूरचा कन्नड घरातला

मधेच बोलतो. आमच्या घरी कन्नड, शाळा मराठी. आजी ज्याला 'कागुणित' म्हणायची तेच शाळेत बाराखडी म्हणून भेटलं. म्हणजे कन्नडमध्येही संचाचा शब्द वेगळा आणि एका अक्षराच्या कुटुंबाचा वेगळा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला दोन भाषांमुळं लहानपणीच कळलं.

तेव्हापासून नाद लागला की कोणत्या भाषेत या संचाला काय म्हणतात. गंमत म्हणून मी दोन ढीग करतो. एका ढिगात पहिल्या अक्षरांवरून पडलेली नावं. ग्रीकांचं अल्फा, बीटा, त्यावरून अल्फाबेट. ही नावंही त्यांनी फिनिशियन लोकांकडून घेतली, तिकडं अलेफ म्हणजे बैल आणि बेथ म्हणजे घर. अरबीत अलिफ, बे, जीम, दाल, त्यावरून अबजद. रशियनमध्ये अझ आणि बुकी, त्यावरून अझबुका. गुजरातीत क वरून कक्को, आणि तिथं 'आपलाच कक्को खरा करणे' म्हणजे आपलाच हेका चालवणे. हिंदीत ककहरा. दुसऱ्या ढिगात मोजणीवरून पडलेली नावं: पंजाबीत गुरुमुखीला 'पैंती', म्हणजे पस्तीस. आपली बाराखडीही याच ढिगातली.

पण सगळ्यात आवडतं नाव इथिओपियाचं. तिकडच्या गीझ लिपीत प्रत्येक व्यंजनाचा आकार स्वराप्रमाणं बदलतो, अगदी आपल्यासारखा. तिथं 'अबुगिडा' असा शब्द आहे: अ, बु, गि, डा. चार अक्षरं आणि प्रत्येकाला वेगळा स्वर. म्हणजे आपण 'क, खु, गि, घा' असं म्हटल्यासारखं. १९९० मध्ये पीटर डॅनियल्स या भाषाशास्त्रज्ञानं हाच शब्द उचलून अशा सगळ्या लिप्यांच्या जातीला नाव म्हणून दिला, त्यामुळं भाषाशास्त्रात देवनागरी आता अल्फाबेट नाही, अबुगिडा आहे. ताईंच्या आजींनी नेमकं हेच बोट ठेवलं होतं: क ला काना, क ला वेलांटी कुठंय? तो काना आणि ती वेलांटी हेच आपल्या लिपीचं वेगळेपण आहे.

लेणी पाहणारा

थोडंच लिहितो. कुणी 'मराठी लिपी' लिहायला सांगितलं तर लिहू नका. लिपी देवनागरी, भाषा मराठी. तीच लिपी हिंदी, नेपाळी, संस्कृत, कोकणी वापरतात, पण प्रत्येकीची मुळाक्षरं थोडी वेगळी. आपल्याकडं शेवटी ह ळ क्ष ज्ञ म्हणतात, हिंदीच्या तक्त्यात ळ नसतो आणि त्र, श्र मात्र असतात. ताई नाशिकजवळच राहतात. मुलं मोठी झाली की त्यांना पांडवलेण्यांवर न्या. तिथल्या सातवाहनांच्या लेखांची लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. एक भाषा, एक लिपी असं समीकरण नसतं हे तिथं डोळ्यांनी दिसतं. लिपी हा शब्दही जुना आहे: अशोकाच्या लेखांत 'धंमलिपी' येतो, आणि वायव्येकडच्या शाहबाजगढीच्या लेखात त्याच जागी 'दिपि' आहे.

जुना जुळारी

लेणीवाल्या मित्रानं आठवण करून दिली. माझे आजोबा देवनागरीला कधी देवनागरी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे 'बाळबोध'. त्यांची लिपी मोडी. आधी कागदावर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग बोरू न उचलता अक्षरं त्या रेघांना टांगत न्यायची. मोडीत इ आणि ई, उ आणि ऊ असा भेद पाळत नाहीत. वेलांटी एकच, उकार एकच. म्हणजे त्यांना बाराखडी म्हणताना बारा यायच्या आणि लिहिताना कमी. मोडीचे खिळेही एकेकाळी होते, १८१० मध्ये बंगालात सेरामपूरला विल्यम केरीनं मराठीचा कोश मोडीत छापला. मी मात्र मोडीचा खिळा हातात कधी धरला नाही, याची रुखरुख आहे.

त्यांच्याकडूनच ऐकलेला एक शब्द ताईंसाठी: 'धुळाक्षरं'. पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटानं अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवायचा. शिकण्याची सुरुवात ओम नमः सिद्धम् नं व्हायची, त्यावरून 'ओनामा'. आणि श्रीगणेशाय नमः वरून 'श्रीगणेशा'. भिंतीवरचं अक्षर बघायला चांगलं, पण लेकराच्या बोटाला ते उतरावं लागतं. तेव्हा एक ताट आणि दोन ओंजळी वाळू ठेवा.

सिन्नरची ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला कारण तीन दिवस पेंटरच्या मागं होते.

मथळा 'मुळाक्षरे' लिहिला, निळ्या रंगात. समोरच्या भिंतीवर 'इंग्रजी मुळाक्षरे', वरच्या ओळीत मोठी, खालच्या ओळीत लहान. पेंटरला काकांचं अल्फाबेटचं वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण निघताना म्हणाला की त्या दुसऱ्या ठिकाणची भिंत पुढच्या महिन्यात परत रंगवायची आहे, तेव्हा दुरुस्त करतो.

बाईंचं ऐकून ऌ, ङ, ञ काढले नाहीत. ॲ आणि ऑ घेतले: ॲ ला काय चित्र काढायचं यावर आमची बरीच चर्चा झाली, शेवटी ॲपल म्हणून सफरचंद काढलं, आणि ऑ ला ऑटोरिक्षा. रिक्षा सगळ्या लेकरांना ओळखू येते, सफरचंदाला दोघांनी टोमॅटो म्हटलं. ण ला बाण आणि ळ ला बाळ, कारण त्यांनी सुरू होणारा शब्दच नाही. ल पाकळीचा काढून घेतला. श मात्र गाठीचा निघाला होता, वाळलाही होता. पेंटरनं त्यावर पांढरा हात मारून देठाचा श पुन्हा काढलाय. जवळून पाहिलं तर जुनी गाठ अजून थोडी दिसते.

सोलापूरच्या दादांचं वाचून एक जास्तीचं काम केलं. दाराशेजारी अरुंद पट्टी रिकामी होती, तिथं एकट्या क ची बाराखडी उभी लिहून घेतली आणि तिला मथळा दिला: 'क ची बाराखडी'. खाली कॅ आणि कॉ पण आहेत, म्हणजे मथळ्यात बारा आणि पट्टीवर चौदा. काका, बाई, याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मी मथळा तसाच ठेवलाय. आणि एक शंका उरली आहे. आमच्या गावात कृष्णा नावाची तीन पोरं आहेत. कृ हे अक्षर बाराखडीत कुठंच येत नाही. ऋ वर्णमालेत आहे, मग त्याची मात्रा बाराखडीत का नाही? त्या पोरांना स्वतःचं नाव पहिलं लिहायचं असतं आणि पहिलंच अक्षर पट्टीवर सापडत नाही.

आजी काल आल्या होत्या. त्यांनी पट्टीवर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत म्हटलं: क, क ला काना का, पहिली वेलांटी कि, दुसरी वेलांटी की. कॅ पाशी थांबल्या. हे आमच्या वेळी नव्हतं म्हणाल्या, आणि मला म्हणून दाखवायला सांगितलं. वाळूचं ताट सोमवारपासून ठेवते.